आईला सांगितलेलं

लेंपी साल्मीचा टाइपरायटर स्वयंपाकघरातच असायचा. टेबलाच्या एका टोकाला पिठाचा डबा, दुसऱ्या टोकाला तो. बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून आणलेला होता आणि त्याचं 'के' हे अक्षर अडकायचं. "फिनिश बाईला यंत्र मिळालं तेही 'के' अडकणारं," असं तिचा नवरा आर्वो महिन्यातून एकदा तरी म्हणायचा आणि स्वतःच हसायचा, कारण फिनिश भाषेत शब्दाशब्दाला 'के' लागतो.

बरीच वर्षं त्यांच्या मुलीला, इर्माला, वाटत होतं की सगळ्यांच्याच आया अशा असतात. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. पावाचं पीठ मळता मळता मधेच थांबून म्हणणार, "इर्मा, लिही गं पटकन." मग इर्मानं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं आणि लिहायचं: 'छपरावरचा बर्फ म्हातारीसारखा पुटपुटत वितळत होता.'

"झालं? वाच बघू."

इर्मा वाचायची. आई मान हलवायची. "म्हातारी काढून टाक. नुसतं पुटपुटत."

घरात एकच नियम होता. यंत्राचा आवाज चालू असेल तर रक्त किंवा आग, यांपैकी काहीतरी असल्याशिवाय आईजवळ जायचं नाही. एकदा धाकटा रायमो, पाच वर्षांचा, पत्र्यावर कापलेला अंगठा घेऊन दाराशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आई, एवढं रक्त पुरेल का?" लेंपीनं त्याला उचलून घेतलं, ढसाढसा रडली, अंगठा बांधला, आणि तासाभरानं यंत्र पुन्हा चालू झालं.

बटाटे तर कायम करपायचे. आर्वो शिकागोच्या उत्तरेकडल्या त्या गावातल्या तांब्याच्या खाणीतून दमून यायचा, हातपाय धुऊन टेबलाशी बसायचा, सुरीनं बटाट्याचा काळा भाग खरवडायचा आणि उरलेला मुकाट्यानं खायचा. दुकानात बायका इर्माला विचारायच्या, "तुझी आई लिहिते म्हणे? मग धुणं कोण धुतं गं?"

"आईच धुते."

"कधी?"

याचं उत्तर इर्माला द्यायला आवडायचं नाही, कारण धुणं कधी कधी दोन-दोन दिवस टबातच पडलेलं असायचं.

आई प्रेमळ नव्हती असं नाही. पण तिची नजर माणसावर ठरायची नाही. तुमच्याशी बोलता बोलता ती कुठेतरी लांब जायची. तिची नजर पुरती आपल्यावर यावी असा एकच उपाय इर्माला सापडला होता, आणि तो तिला फार लहानपणी सापडला होता: बातमी आणायची. शाळेत कोण रडलं, पाद्र्याच्या बायकोनं चर्चमधे कुणाकडे पाठ फिरवली, डाक वाटणाऱ्या निलोच्या कोटाला कुठल्या रंगाच्या दोऱ्यानं बटण शिवलंय. असं काही सांगितलं की आईचे हात थांबायचे. ती स्टूल ओढून इर्मासमोर बसायची आणि विचारायची, "मग? मग काय झालं? ती उभी होती की बसलेली?" तेवढ्या वेळापुरती अख्खी आई इर्माची असायची. यंत्र नाही, रायमो नाही, कुणी नाही.

इर्माची जिवाभावाची मैत्रीण होती टॅम्सिन ट्रेझोना. ट्रेझोना मूळचे समुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलचे, पिढ्यान् पिढ्या खाणीतले. टॅम्सिनचे बाबा जॅबेझ ट्रेझोना खाणीत मुकादम होते. तिथे मुकादमाला कॅप्टन म्हणत. उंचापुरा, भारदस्त माणूस. खाणीत उतरताना प्रत्येकाला नावानं हाक मारायचा आणि वर येताना पुन्हा मोजायचा. आर्वो अठरा वर्षं त्यांच्याच हाताखाली होता.

एका वर्षी ऑक्टोबरात एके दिवशी शाळा सुटल्यावर इर्मा टॅम्सिनचा विसरलेला हातमोजा द्यायला तिच्या घरी गेली. दार न वाजवताच मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात शिरली. कॅप्टन टेबलाशी बसले होते, समोर खाणीच्या कचेरीचे कागद. टॅम्सिन त्यांच्या मागे उभी राहून त्यांचे पांढरे केस फणीनं विंचरत होती, आणि विंचरता विंचरता त्यांच्या खांद्यावरून वाकून कानाशी काहीतरी पुटपुटत होती. इर्माला क्षणभर काही कळेना. मग तिला शब्द ऐकू आले. टॅम्सिन कागदावरचं वाचून दाखवत होती. कुणी खिडकीतून पाहिलं तर वाटावं, पोरगी बापाचे केस विंचरतेय.

कॅप्टननी वर पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "चष्मा राहिला बघ खाणीत," ते म्हणाले.

हे वाक्य गावात सगळ्यांनी ऐकलं होतं. चर्चमधे, दुकानात, पगाराच्या खिडकीशी. कॅप्टन ट्रेझोनांचा चष्मा नेहमी कुठेतरी राहिलेला असायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

टॅम्सिननं इर्माला अंगणात ओढत नेलं. "शपथ घे. आधी आई वाचायची. आता ती इस्पितळाच्या धुलाईवर संध्याकाळची जाते, म्हणून मी वाचते. बाबा नवव्या वर्षी खाणीत गेले, त्यांना कुणी शिकवलंच नाही. कळलं तर त्यांचं काम जाईल. कुणालाच सांगायचं नाही, इर्मा."

"नाही सांगणार."

"तुझ्या आईलाही नाही."

"नाही म्हटलं ना."

तीन आठवडे तिनं शब्द पाळला. मग एका शुक्रवारी लेंपीची एक कथा परत आली. परत येणाऱ्या कथा म्हणजे तपकिरी पाकिटं, आणि ती येतच असत. पण या वेळी लेंपीनं पाकीट उघडलंसुद्धा नाही. ती पीठ मळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इर्मानं शाळेतलं गणित सांगितलं, ती "हं" म्हणाली. बाईंनी शाबासकी दिली सांगितलं, ती "हं" म्हणाली. इर्माला भीती वाटली. आई हळूहळू विझून जाईल असं काहीतरी तिला वाटलं.

"आई," ती म्हणाली, "टॅम्सिनच्या बाबांना वाचता येत नाही."

आईचे हात पिठात थांबले.

"काय म्हणालीस?"

मग इर्मानं सगळं सांगितलं. लेंपीनं हात न पुसताच स्टूल ओढलं. "फणी कसली होती? हाडाची की लाकडी? आणि ते वाचून होईपर्यंत त्यांचे हात कुठे होते?" इर्मा आठवून आठवून सांगत गेली. हात टेबलावर पालथे होते. बोटांना निळसर डाग होते. मधेच ते 'पुन्हा म्हण' असं म्हणायचे. कितीतरी दिवसांनी आईच्या गालांवर रंग आला होता. इर्माला वाटलं, हे आपण केलं.

"तू कुणाला सांगणार नाहीस ना?" तिनं शेवटी विचारलं.

"मी कुणाला सांगणार गं, बाई?" लेंपी म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. सांगितलं तिनं खरंच कुणाला नाही.

जानेवारीत शिकागोच्या एका मासिकाचं पत्र आलं. कथा स्वीकारली होती. आर्वोनं ते पत्र जेवणाच्या डब्यात घालून खाणीत नेलं आणि सगळ्यांना दाखवलं. त्या शनिवारी सौना, म्हणजे अंगणातली वाफेच्या अंघोळीची खोली, तापवल्यावर शेजारच्या बायकाही आल्या, आणि "धुणं कोण धुतं" म्हणणाऱ्या तोंडांनी लेंपीला पाठीवर थापा दिल्या.

मार्चमधे मासिक आलं. गावात दहाबारा घरी तरी ते येत असेल. इर्मानं ते सौनाच्या बाहेरच्या खोलीत बसून वाचलं. कथा होती खनिज वाहून नेणाऱ्या जहाजावरच्या एका नॉर्वेजियन कॅप्टनची. त्याला वाचता येत नव्हतं. त्याची मुलगी केस विंचरायच्या निमित्तानं त्याच्या कानाशी वाचायची. "चष्मा राहिला," असं तो म्हणायचा. शेवटी एका वादळी दिवशी मुलगी बरोबर नसते, बंदरावरून आलेली सूचना त्याच्या खिशात न वाचलेली राहते, जहाज खडकावर फुटतं आणि अकरा खलाशी बुडतात.

इर्मा धावत घरात आली. "आई, हे टॅम्सिनचे बाबा आहेत."

"छे गं. हा जहाजावरचा माणूस आहे."

"पण फणी!"

"फणी सगळ्यांच्याच घरी असते."

"आणि चष्मा?"

लेंपीनं इर्माच्या हातातलं मासिक घेतलं आणि उघडलं. उभ्या उभ्या वाचत राहिली, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं वाचतेय.

आठवडाभर काहीच झालं नाही. मग एका दुपारी आर्वो घरी आला तो हात न धुताच टेबलाशी बसला. समोर ताट आलं तरी त्यानं सुरीला हात लावला नाही.

"आज कपडे बदलायच्या खोलीत," तो म्हणाला, "कचेरीतला तो नवा पोरगा आला. सुरक्षिततेचं काहीतरी परिपत्रक घेऊन. म्हणाला, कॅप्टन, हे जरा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. कॅप्टननी खिशात हात घातला आणि म्हणाले, चष्मा... आणि तेवढ्यात मागून चारपाच जण म्हणाले, राहिला! सगळे हसले. एकानं खिशातून फणी काढून त्यांच्यापुढे धरली."

रायमोनं विचारलं, "फणी का?"

"तू हसलास?" लेंपीनं विचारलं.

"मी हसेन?" आर्वो ओरडला. तो कधी ओरडत नसे. "अठरा वर्षं त्या माणसाच्या भरवशावर मी खाली जातो आणि वर येतो, लेंपी! अठरा वर्षं! तुला कुणी सांगितलं हे?"

लेंपीनं इर्माकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. "मी मनानं रचलं," ती म्हणाली. पण इर्मा रडायला लागली होती, आणि आर्वोला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत टॅम्सिन तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही, मारलं नाही.

"त्या स्वयंपाकघरात फक्त तू आली होतीस," ती म्हणाली.

"मी तिला म्हटलं होतं, कुणाला सांगू नकोस..."

"मीही तुला तेच म्हटलं होतं."

एवढंच. मग ती जाऊन दुसऱ्या बाकावर बसली.

त्या रविवारी लेंपीनं वेलदोड्याचा गोड पाव भाजला, चर्चचा झगा घातला आणि इर्माला म्हणाली, "चल."

"मी नाही येणार."

"चुकलो आपण दोघी. चल."

ट्रेझोनांच्या दारात टॅम्सिनची आई व्हर्ना आली. तिनं पावाकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "अजून काही हवंय का?" ती म्हणाली. "हे घ्या, चूल बघा, पडदे बघा. शिकागोला कळवायचं असेल ना?"

"व्हर्ना, मी माफी मागायला..."

आतून आवाज आला. "कोण आहे? आर्वोची बायको? येऊ दे तिला."

कॅप्टन टेबलाशी बसले होते. टॅम्सिन जिन्यावर बसली होती, भिंतीकडे तोंड करून. टेबलावर ते मासिक होतं. ते त्यांनी पुढे सरकवलं.

"बसा. वाचा," ते म्हणाले.

"कॅप्टन..."

"गावात प्रत्येक जण मला सांगतोय यात काय आहे. प्रत्येक जण वेगळं सांगतो. बायको वाचून दाखवत नाही. ही पोरगी गेले आठ दिवस माझ्यासाठी काहीच वाचत नाही, साधं बरणीवरचं नावसुद्धा नाही. मला स्वतःला वाचता येत नाही, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून म्हणतो, तुम्ही वाचा."

लेंपीनं झगा सावरला आणि खुर्चीत बसली. तिनं वाचायला सुरुवात केली. इर्मा दाराशी उभी होती. आईचा वाचायचा आवाज तिला माहीत होता, घरी ती आपली वाक्यं मोठ्यानं म्हणून बघायची तेव्हा त्या आवाजाला एक डौल असायचा. आज तो नव्हता. शब्द नुसते एकामागून एक पडत होते. फणीचा भाग आला तेव्हा ती थांबली.

"थांबू नका," कॅप्टन म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले होते. हात टेबलावर पालथे. मधे एकदा ते म्हणाले, "पुन्हा म्हणा," आणि लेंपीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. ते वाक्य चांगलं होतं. मुलगी बापाच्या कानाशी वाकते तेव्हा तिच्या श्वासाला दुधाचा वास येतो, असं होतं. कॅप्टननी मान हलवली. "हे बरोबर आहे."

मग वादळ आलं, खडक आला, अकरा माणसं पाण्यात गेली. लेंपीनं शेवटचं वाक्य वाचलं आणि मासिक मिटलं.

मग कॅप्टननी डोळे उघडले.

"माणसं का मारलीत?"

"काय?"

"वाचता येत नाही म्हणालात, खरं आहे. फणीचं सांगितलंत, तेही खरं आहे. लाज वाटते, पण खरं आहे. पण माझी माणसं का मारलीत? अठरा वर्षांत माझ्या पाळीतला एक माणूस मेला नाही. एकही नाही. मला कागद कळत नाही म्हणून मी दगडाचा आवाज ऐकतो. प्रत्येक जण वर आल्याशिवाय मी वर येत नाही. विचारा आर्वोला. आणि तुम्ही अकरा मारलीत."

"ते... गोष्टीला शेवट हवा होता, कॅप्टन."

"गोष्टीला," कॅप्टन म्हणाले. त्यांनी तो शब्द नीट ऐकून घेतल्यासारखा उच्चारला. मग ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

व्हर्नानं दार उघडून धरलं. गोड पाव लेंपीच्या हातातच राहिला होता. दोघी घरी निघाल्या. रस्त्याच्या कडेला बर्फ काळा पडला होता. वाटेत लेंपी एकदा थांबली, कुंपणाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला वाचवता आलं असतं गं. तो शेवट मी बदलू शकले असते." इर्माला तेव्हा कळलं नाही की आई माणसाबद्दल बोलतेय की कथेबद्दल. पुढेही ते तिला नक्की कधी कळलं नाही.

कचेरीनं काही विचारायच्या आत कॅप्टन ट्रेझोनांनी मुकादमी सोडली. आर्वोनं आणि आणखी वीसेक जणांनी सह्या करून अर्ज दिला, की आम्हाला हाच कॅप्टन हवा. पण कॅप्टननी तो परत पाठवला. मे महिन्यात ते कुटुंब डेट्रॉइटला गेलं. तिथे मोटारींच्या कारखान्यात त्यांना काहीतरी काम मिळालं असं ऐकलं. टॅम्सिन जाताना भेटली नाही. इर्मानं तिला दोन पत्रं लिहिली, तिसरं लिहायला घेतलं आणि फाडून टाकलं.

लेंपीनं टाइपरायटर चादरीत गुंडाळून जिन्याखाली ठेवला. बटाटे करपायचे थांबले. धुणं सोमवारी व्हायचं, सोमवारीच वाळायचं. शाळेतून आलं की आई दारात उभी असायची. हेच तर इर्माला लहानपणापासून हवं होतं, पण आता ती आईच्या अंगाला अंग लागू नये म्हणून बाजूनं आत शिरायची.

"आज काय झालं शाळेत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही म्हटलं ना."

नोव्हेंबरात एक दिवस शाळेतून येताना फाटकाशीच इर्माला आणि रायमोला आवाज ऐकू आला. टक टक टक, आणि मग 'के' अडकल्याची शांतता. रायमोनं टाळ्या पिटल्या. "आई बरी झाली!" इर्माला हायसं वाटलं आणि त्याच वेळी तिला इतका राग आला की ती घरात न जाता लाकडांच्या ढिगाशी जाऊन बसून राहिली.

त्या दिवसानंतर इर्मानं आईला आपलं काहीही सांगितलं नाही. पाळी आली ते शाळेच्या नर्सला सांगितलं. दुलुथ शहरातल्या महाविद्यालयात जायचं ठरवलं ते वडिलांना सांगितलं. मार्टिनशी लग्न करतेय हे पत्रानं कळवलं, चार ओळींत. लेंपीनं विचारलंही नाही. दोघी हवामानाबद्दल, रायमोबद्दल, वडिलांच्या खोकल्याबद्दल बोलायच्या.

इर्मा चौतिसाव्या वर्षात असताना लेंपीचं पुस्तक आलं. त्या घराबद्दलचं, त्या वर्षांबद्दलचं. इर्मानं ते एका बैठकीत वाचलं. करपलेले बटाटे होते, आर्वो होता, अंगठा घेऊन उभा असलेला रायमो होता, सौना होता, तपकिरी पाकिटं होती. एका मुलाची आई असलेली बाई होती. मुलगी नव्हती. इर्मानं पानं मागे-पुढे करून पाहिली. कुठेच नव्हती.

एप्रिलमधे ती गाडी काढून उत्तरेला आई-वडिलांकडे गेली. लेंपी आता म्हातारी झाली होती, बोटं वाकडी झाली होती. वडील सौना तापवायला बाहेर गेले होते.

"मी कुठे आहे, आई?"

लेंपीला विचारावं लागलं नाही की कशात. "लिहिताना मी तुला हात लावणार नाही असं ठरवलं होतं," ती म्हणाली. "ट्रेझोनांच्या घरून परत आलो त्या दिवशी."

"मला वाटलं, तुला मी आठवलेच नाही."

"वेडी आहेस का? सगळ्यात जास्त तर तूच..." ती थांबली. "चार वेळा लिहिलं आणि चार वेळा काढलं. काढल्यावर ते घर खोटं वाटायला लागलं. पण काढलं."

"मला विचारायचंस."

"तू हो म्हणाली असतीस?"

नळ गळत होता. इर्मा उठली, नळ घट्ट केला, आणि पाठमोरीच म्हणाली, "मार्टिन मला सोडून गेलाय, आई. जानेवारीत. मी अजून कुणाला सांगितलं नाही."

इर्मा वळली. आई तिच्याकडे बघत होती. पुरती, पूर्वीसारखी.

"मी हे लिहीन असं वाटतं का तुला?" लेंपीनं विचारलं.

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," लेंपी म्हणाली. "मी खोटं सांगणार नाही तुला. तरी सांगतेस?"

इर्मा खुर्चीत बसली. बाहेर वडील लाकडं फोडत होते. तिला रडू येत होतं आणि आईचा राग येत होता, आणि इतक्या महिन्यांनी कुणीतरी विचारलं याचं बरंही वाटत होतं.

"सांगते," ती म्हणाली. "पण मधे काही विचारू नकोस."

लेंपीनं मान हलवली. आणि इर्मा सांगू लागली, सुरुवातीपासून.